अमेरिकेतील घरासाठी २४० व्होल्टचे युरोपीय वॉशिंग मशीन : नाशिकच्या एका वायरिंगवाल्याचे परीक्षण

अमेरिकेत स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला सुरुवातीच्या काळात जी मोठी उपकरणे निवडावी लागतात, त्यांत वॉशिंग मशीनची निवड सर्वांत कमी विचाराने होते, असे माझे निरीक्षण आहे. घराबरोबर आलेले टॉप लोड वापरायचे आणि ते बिघडले की दुकानातून त्याहून मोठे आणायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. माझी भाची आणि जावई ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहतात. नाशिकच्या घरी हीटरच्या फ्रंट लोडची सवय असलेल्या भाचीने फोनवर विचारले, "मामा, इथे २४० व्होल्टवर चालणारी युरोपीय पद्धतीची मशीन मिळते. ती घेऊ की साधी १२० व्होल्टची घेऊ?" गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागातल्या घरांच्या वायरिंगची कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला केवळ कपड्यांचा वाटला नाही. पुढे माझ्या तिथल्या मुक्कामातच ती मशीन आली, माझ्यासमोर जोडली गेली आणि घरात रोज वापरली गेली. त्या वापराची नाशिकमधल्या माझ्या घरच्या मशीनशी तुलना करून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. कपडे ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात नियमित धुवायचे असतील आणि घरात ड्रायरचा २४० व्होल्टचा पॉइंट मशीनच्याच भिंतीवर असेल, तर ही मशीन घेण्यासारखी आहे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर हीटर असलेली १२० व्होल्टची मशीन तेच काम जास्त वेळ घेऊन, पण तितकेच चांगले करते. कपडे ड्रम फिरल्याने, साबणाने आणि गरम पाण्याने स्वच्छ होतात. २४० व्होल्टमुळे फक्त पाणी लवकर तापते. तरीही हे लवकर तापणे रोजच्या संसारात किती महत्त्वाचे ठरते, ते वापरल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत "एकशे दहाची वीज" असते, ही आपल्याकडची समजूत अर्धीच खरी आहे. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून तिथल्या घरात दोन फेज तारा आणि एक न्यूट्रल येते. कोणत्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट मिळतात आणि दोन फेजच्या मध्ये २४० व्होल्ट. दिवे, टीव्ही, मिक्सर १२० वर चालतात. विजेची शेगडी, एसी आणि कपड्यांचा ड्रायर २४० वर. म्हणजे २४० व्होल्ट त्या घरात मुळातच आलेले असतात, प्रश्न फक्त ते मशीनच्या भिंतीपर्यंत आहेत का, एवढाच असतो. आपल्याकडे महावितरणची एक फेज आणि न्यूट्रल यांच्यातच २३० व्होल्ट असल्यामुळे १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट काढला की कोणतीही फ्रंट लोड जोडता येते. तिथे मात्र जागा ठरवतानाच वीज पाहावी लागते.

आता हीटरचा हिशोब पाहू, कारण सगळा मुद्दा त्यावर येऊन थांबतो. १२० व्होल्टच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून जास्तीत जास्त १८०० वॉट घेता येतात आणि बराच वेळ चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्के, म्हणजे १४४० वॉट, ही मर्यादा धरली जाते. त्यातून मोटर, पंप आणि सर्किटचा भाग वजा करून कंपन्या हीटर साधारण १००० वॉटचा ठेवतात. २४० व्होल्टच्या मशीनमध्ये तो २००० वॉटच्या आसपास असतो. मुख्य धुण्यासाठी बारा लिटर पाणी घेतले असे समजू. नाशिकमध्ये मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी सहज २८ अंशांचे असते, म्हणून ते ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते आणि २००० वॉटच्या हीटरला तेरा-चौदा मिनिटे पुरतात. ओहायोत जानेवारीत नळाचे पाणी ५ अंशांच्या जवळ असेल, तर तेच काम करायला पाऊण युनिटहून थोडी जास्त वीज लागते. त्यासाठी २००० वॉटच्या हीटरला तेवीस मिनिटे आणि १००० वॉटच्या हीटरला शेहेचाळीस मिनिटे लागतात. यात भिजलेले कपडे आणि ड्रम तापवण्याचा वेळ धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात. ९० अंशांच्या धुलाईत हा फरक आणखी रुंदावतो. थंड प्रदेशात २४० व्होल्टची किंमत अशी मिनिटांत मोजता येते.

हे आकडे कागदावरचे वाटत असतील, तर आपल्याच घरी मीटरसमोर उभे राहून पाहावे. माझ्या इमारतीत जिन्याखालच्या पॅनेलमध्ये मीटर आहेत आणि माझ्या मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंद असे छापलेले आहे. घरातले बाकी सगळे बंद ठेवून मशीन साध्या थंड पाण्यावर लावली, तर मीटरचा तांबडा दिवा सात-आठ सेकंदांनी एकदा लुकलुकतो, कारण तेव्हा फक्त मोटर फिरत असते. ६० अंशांचा प्रोग्रॅम लावला, की पाणी भरून झाल्यावर हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचा हलका टक असा आवाज येतो आणि तोच दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लागू लागतो. पाणी तापले की पुन्हा तो सावकाश होतो. मशीनची वीज कुठे जाते याचे इतके सरळ उत्तर दुसरे नाही. फ्रंट लोडमध्ये मोटरचा खर्च किरकोळ असतो, खरा खर्च पाणी तापवण्याचा असतो.

इथे कोणी म्हणेल, अमेरिकेत घरोघरी गरम पाण्याची मोठी टाकी असते आणि मशीनला गरम व थंड असे दोन नळ असतात, मग मशीनच्या आत हीटर हवाच कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक अमेरिकी मशीन याच पद्धतीवर चालतात. पण टाकीतले पाणी साधारण १२० फॅरनहाइट, म्हणजे ४९ अंशांवर ठेवलेले असते. नळीतले गार पाणी आधी मशीनमध्ये येते, मग गरम पाणी येते, ते गार ड्रमला आणि गार कपड्यांना लागते आणि त्यानंतर धुणे संपेपर्यंत निवत जाते. युरोपीय मशीन याच्या नेमके उलट वागते. ती फक्त थंड पाणी घेते आणि कपडे फिरवत फिरवत त्याला हळूहळू तापवते. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग सुरुवातीलाच कढत पाणी लागले तर धाग्यात पक्के बसतात. पावडरमधली एन्झाइम कोमट पाण्यात, चाळीस अंशांच्या आसपास, चांगली चालतात. आणि ऑक्सिजनचे ब्लीच ६० अंशांच्या जवळ पूर्ण जोर धरते. थंडापासून गरमापर्यंत चढत जाणाऱ्या पाण्यात या तिन्ही गोष्टी आपापल्या वेळी घडून येतात. भाचीच्या घरी लहान बाळ आहे. दुधाचे डाग पडलेली झबली, दुपटी आणि कापडी लंगोट ६० अंशांवर धुतल्यावर वासासकट स्वच्छ निघाले. पूर्वीच्या टॉप लोडमधून काढलेल्या दुपट्यांना वाळल्यावरही आंबूस वास राहत असे, तो आता येत नाही.

हळदीच्या डागाबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. साबण लागताच तो तांबडा होतो, गरम पाण्यात फिका पडतो, पण पूर्ण जातो तो उन्हानेच. नाशिकला आपण तो कपडा गच्चीवर उन्हात टाकतो आणि संध्याकाळपर्यंत डाग दिसेनासा होतो. अमेरिकेतल्या काही वसाहतींत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला सोसायटीचीच मनाई असते. तिथे मागच्या दाराच्या काचेतून येणारे ऊन वापरावे लागते आणि त्याला कित्येक दिवस लागतात.

बाजारात काय मिळते, तेही सांगतो. युरोपीय पद्धतीची मशीन म्हणजे साधारण २४ इंच, म्हणजे आपल्या ६० सेंटिमीटर रुंदीची फ्रंट लोड. अमेरिकेतल्या प्रचलित मशीनची रुंदी २७ इंच असते. बॉश आणि स्वीडनची आस्को यांच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २४ इंची मशीन २४० व्होल्टच्या आहेत. (नाशिककरांना बॉश म्हटले की सातपूरचा कारखाना आणि मायको सर्कल आठवते, पण तो कारखाना डिझेल इंजिनाच्या भागांचा, हे वेगळे सांगायला नको.) जर्मनीची मिले ही १८९९ पासूनची कंपनी. तिची अमेरिकेतली डब्ल्यू-वन श्रेणी मात्र १२० व्होल्टवर चालते आणि तिच्यातही स्वतःचा हीटर आहे. म्हणून "युरोपीय म्हणजे २४० व्होल्ट" असे समीकरण धरून दुकानात जाऊ नये. एलजीसारख्या कंपन्यांच्या २४ इंची मशीनही १२० व्होल्टच्या असतात. मशीनच्या पाटीवर व्होल्ट, अँपिअर आणि हर्ट्झ (वीज सेकंदाला किती आवर्तने करते तो आकडा) हे तीन आकडे छापलेले असतात; ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जोडणीची रीत मला सर्वांत आवडली. अमेरिकेत ड्रायरसाठी ३० अँपिअरचा २४० व्होल्टचा एक मोठा सॉकेट असतो. बॉशच्या आणि आस्कोच्या जोडीत ड्रायर त्या सॉकेटला लागतो आणि वॉशिंग मशीनचा २४० व्होल्टचा प्लग ड्रायरच्या पाठीवरच्या सॉकेटमध्ये बसतो. भिंत फोडायची नाही, नवी लाइन ओढायची नाही. भाचीकडे हेच झाले. दोन्ही यंत्रे एकावर एक ठेवून जोडायला बसवणाऱ्या दोघांना फारसा वेळ लागला नाही. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की मशीन आणि ड्रायर एकाच कंपनीचे घ्यावे लागतात, आणि ज्याच्या घरी ड्रायर गॅसवर चालतो त्याच्याकडे हा मोठा सॉकेट नसण्याचीच शक्यता अधिक. अशा घरात नवी २४० व्होल्टची लाइन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्यावी लागते आणि पॅनेल तळघरात, मशीन वरच्या मजल्यावर असे असेल तर तो खर्च मशीनच्या किमतीकडे पाहू लागतो. उलट, १२० व्होल्टची २० अँपिअरची स्वतंत्र लाँड्री लाइन तिथल्या वीज नियमांप्रमाणे घरात असतेच. अशा कुटुंबाने १२० व्होल्टची हीटरवाली मशीन घ्यावी. वेळ जास्त लागेल, पण भिंतीला हात लावावा लागणार नाही. जुन्या घरात आणखी एक पाहावे : १९९६ पूर्वीच्या ड्रायरच्या सॉकेटला बहुधा तीनच तारा असतात, दोन फेज आणि एक न्यूट्रल, वेगळी अर्थिंग नसते. ओल्या जागेत लोखंडी अंगाचे यंत्र चालवायचे तर मी चौथी, अर्थिंगची तार घातल्याशिवाय मशीन जोडू देणार नाही, मग घरमालक कितीही घाईत असो.

नाशिकहून जाणाऱ्या कुटुंबांना आणखी एक सल्ला ऐकायला मिळतो आणि तो मला धोक्याचा वाटतो. इथल्याच एका दुकानात, नाव घेत नाही, भाचीच्या सासूबाईंना सांगण्यात आले की आपली २३० व्होल्टची मशीन सामानाबरोबर पाठवा, तिथे प्लग बदलला की चालते. चालणे आणि सुरक्षित चालणे यांत फरक आहे. आपल्याकडची मशीन ५० हर्ट्झसाठी बनवलेली असते आणि अमेरिकेत ६० हर्ट्झ वीज आहे. ड्रेन पंपाची छोटी मोटर विजेच्या हर्ट्झवरच चालणारी असेल, तर ती तिथे वीस टक्के जास्त वेगाने फिरते आणि त्या वेगासाठी ती बनवलेली नसते. दुसरे कारण याहून गंभीर आहे. आपल्या मशीनला एक तार जिवंत आणि दुसरी न्यूट्रल अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या २४० व्होल्टमध्ये दोन्ही तारा जिवंत असतात. हीटरचा रिले एकच तार तोडणारा असेल, तर मशीन "बंद" दिसत असताना हीटरचे दुसरे टोक जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टवर राहते. हीटरच्या आवरणाला तडा गेला आणि अर्थिंग कच्ची असली, की तो दाब ड्रममध्ये हात घालणाऱ्यापर्यंत येऊ शकतो. त्यावर दुसरा सुचवलेला उपाय म्हणजे १२० चे २४० करणारा ट्रान्सफॉर्मर. पण ट्रान्सफॉर्मर वीज वाढवत नाही, फक्त दाब वाढवतो. १८०० वॉटच्या पॉइंटमागे २००० वॉटचा हीटर लावला, की ब्रेकर पडणारच. शिवाय त्या देशाचे सुरक्षा प्रमाणपत्र नसलेले, सुटे भाग न मिळणारे यंत्र घरात ठेवून पुढे काही घडले, तर विमा कंपनीशी वाद घालण्याची वेळ येते. इथली मशीन इथेच कुणाला तरी द्यावी आणि तिथली तिथे घ्यावी.

आता रोजच्या वापराविषयी. ड्रम लहान आहे, हे पहिल्याच दिवशी जाणवते. २४ इंची मशीनचा ड्रम साधारण २.२ ते २.४ घनफूट, म्हणजे ६२ ते ६८ लिटर. मोठ्या अमेरिकी मशीनचा ४.५ घनफूट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आठवड्याचे सगळे धुणे शनिवारी एकदम काढण्याची तिथली रीत या मशीनला मानवत नाही. ६० अंशांच्या प्रोग्रॅमला दोन तासांच्या पुढे वेळ लागतो, आणि टॉप लोडला पाऊण तासाची सवय असलेल्या जावईबापूंना सुरुवातीला ते फार अवघड गेले. पण नाशिकला आपण जसे रोज किंवा एक दिवसाआड थोडे थोडे धुणे लावतो, तसे लावले की गाडी रुळावर येते. रात्री जेवणानंतर मशीन लावायची, झोपण्यापूर्वी कपडे काढायचे, हा क्रम त्यांच्या घरात आता बसला आहे. पाणी टॉप लोडच्या तुलनेत पुष्कळच कमी लागते. गंगापूर धरणाची पातळी उतरली की पाणीकपातीच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे महत्त्व सांगायला नको, जरी तिथे भाचीला पाण्याची चिंता नसली तरी.

साबणाबाबत बसवणाऱ्याने सांगितलेली एक गोष्ट खरी ठरली. भाचीकडे वॉटर सॉफ्टनर असल्यामुळे पाणी मऊ आहे आणि डब्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्मी पावडर पुरते. जास्त टाकली की काचेमागे फेस चढतो, मशीन फेस जिरवण्यासाठी थांबते आणि वेळ आणखी वाढतो. नाशिकमध्ये बोअरच्या जड पाण्यावर मशीन चालवणाऱ्यांचा अनुभव याच्या उलट असतो, तिथे मापही वाढते आणि हीटरवर पांढरा थरही चढतो.

१४०० फेऱ्यांच्या स्पिननंतर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी उरते. जाड टॉवेल हाताला गार लागतो, पण पिळला तर थेंब पडत नाही, आणि पुढे ड्रायरचे काम तेवढे हलके होते. या वेगाची दुसरी बाजू म्हणजे हादरा. नाशिकच्या आरसीसी स्लॅबवर मशीन हलत नाही. अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडी चौकटीची असतात आणि धुण्याची खोली हल्ली वरच्या मजल्यावर, झोपण्याच्या खोल्यांशेजारी असते. भाचीकडे ती तळघरात, सिमेंटच्या जमिनीवर असल्यामुळे अडचण आली नाही. वरच्या मजल्यावर लाकडी जमीन असेल, तर मशीन भिंतीजवळच्या भक्कम आधारावर ठेवून चारही पाय पाणसळीने बरोबर करावेत, प्रवासासाठी लावलेले ड्रमचे बोल्ट काढले आहेत याची स्वतः खात्री करावी आणि तरीही जमीन थरथरली तर स्पिन १००० वर आणावा. एकावर एक रचताना कंपनीची जोडपट्टी वापरावी. नुसता ड्रायर वर ठेवून चालत नाही.

या जोडीतला ड्रायर गरम हवा घराबाहेर न फेकणारा असतो. कपड्यांतून निघालेल्या वाफेचे पाणी करून तो ते नळीने सोडून देतो. बाहेरच्या भिंतीपर्यंत चार इंची नळी नेणे जिथे अशक्य आहे, अशा फ्लॅटमध्ये ही मोठीच सोय आहे. भाचीच्या घरी ती नळी आधीपासून होती आणि आता ती बंद करून ठेवावी लागली. कपडे वाळायला पूर्वीच्या ड्रायरपेक्षा जास्त वेळ लागतो, पण ते कडक होत नाहीत आणि सुती कुर्ते कमी आटतात, असे भाचीचे म्हणणे आहे.

मोठ्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी २४० चा विचार करताना एक चौकशी जरूर करावी. अशा इमारतींना बऱ्याचदा तीन फेजची वीज येते आणि तिथे दोन फेजच्या मध्ये २४० ऐवजी २०८ व्होल्ट मिळतात. पाटीवर "२०८–२४०" असे लिहिलेली मशीन तिथे बिनधोक चालते, पण हीटरची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २००० वॉटचा हीटर जेमतेम १५०० वॉट देतो. १२० व्होल्टच्या मशीनवर मिळणारी वॉटमधली आघाडी तिथे निम्मी होते, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

घरात किंग साइजच्या जाड रजया असतील, तर त्या या ड्रममध्ये नीट फिरत नाहीत. बहिणीने नाशिकहून पाठवलेली नऊवारी लुगड्यांची गोधडी भाचीने एकदा कोंबून पाहिली; ती भिजली, पण साबण आतल्या थरांपर्यंत पोहोचला नाही. आता गोधडी आणि रजया गावातल्या नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्रीतल्या मोठ्या मशीनमध्ये धुतल्या जातात.